‘मजामां’च्या पुढची पाच पेरं

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं, की समोरच्याकडे वेळ किती आहे ते मी आधी बघते. वेळ नसेल तर "दवाखान्यात होते" एवढं सांगून मोकळी होते. मग लोक मला नर्स समजतात, किंवा डॉक्टर समजून गुडघा पुढे करतात. नागरवाड्यातल्या आमच्या शेजारीणबाई कितीतरी वर्षं मला गोळ्यांची नावं विचारायच्या आणि मी दर वेळी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" म्हणायचे. शेवटी त्यांचं मत असं झालं, की हिला फारसं काही येत नसावं. वेळ असेल त्यांना मात्र मी खरं सांगते. डॉक्टर आणि नर्स यांनी पेशंटशी कसं बोलावं, हे शिकवणारी काही माणसं असतात. त्या शिकवणाऱ्यांना मी शिकवत असे.

यावर बहुतेक जण म्हणतात, "बोलायला काय शिकायचं?" हेच वाक्य मी आयुष्यभर डॉक्टरांकडूनही ऐकलं, त्यामुळे आता त्याचा राग येत नाही.

मुळात मी समाजसेविका. बडोद्यातच शिकले आणि बडोद्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात लागले. ओपीडीच्या कडेला माझी छोटी खोली होती. डॉक्टरांना भेटून बाहेर पडलेली माणसं घरी जाण्याआधी माझ्या दारात उभी राहायची आणि हळूच विचारायची, "बेन, साहेबे शुं कह्युं?" साहेबांनी दोन मिनिटांपूर्वी त्यांनाच जे सांगितलं होतं, ते ती मला विचारत होती. मी कागद वाचायचे, आत जाऊन विचारून यायचे आणि सोपं करून सांगायचे. गुजरातीत, हिंदीत, रावपुऱ्यातली एखादी आजी असली तर मराठीत. पुष्कळ वर्षं हे केल्यावर एक दिवस माझ्या डोक्यात आलं, की साहेबांनीच नीट सांगितलं तर माझ्या दारातली ही रांग लागणारच नाही. हे मी एका बैठकीत बोलून दाखवलं आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. बाहेरगावी जाऊन मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलं, जाडजूड पुस्तक घेऊन परत आले आणि वर्ग सुरू केले.

वर्ग म्हणजे एक टेबल आणि चार खुर्च्या. एकीवर शिकणारा डॉक्टर किंवा नर्स. समोरच्या खुर्चीवर पेशंट, पण खोटा. तो नट असतो. त्याला आजार, घर, स्वभाव सगळं लिहून दिलेलं असतं आणि एक गोष्ट मनात दडवून ठेवायला सांगितलेली असते. नीट विचारलं तरच ती त्यानं सांगायची. तिसऱ्या खुर्चीवर शिकवणारा. संभाषण संपल्यावर शिकणाऱ्याची चूक त्याच्याच तोंडून वदवून घेणं, हे त्याचं काम. आणि या तिघांच्या मागे, जरा लांब, चौथी खुर्ची माझी. मी शिकवणाऱ्यावर नजर ठेवायची. चौथ्या खुर्चीचा नियम एकच: वर्ग चालू असताना तोंड उघडायचं नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की घरी त्याची भरपाई होते.

आमचा हुकमी खोटा पेशंट म्हणजे देवधरकाका. बाजव्याच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले आणि इथल्या मराठी नाटकमंडळींत जन्मभर रमलेले. पहिल्याच दिवशी त्यांना साध्या पित्ताच्या रोग्याचं काम दिलं होतं. समोरच्या मुलानं "कुठे दुखतं?" विचारलं मात्र, काका छातीवर हात ठेवून खुर्चीतून घसरले आणि गतप्राण झाले. तो बिचारा मुलगा खरोखर त्यांची नाडी बघायला धावला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "अहो, पित्तात नाट्य कुठे आहे?" पुढे मात्र ते इतके मुरले, की डोळ्याची पापणी किती लवकर लवली, एवढ्यावर शिकणाऱ्याला कळायचं, काहीतरी दडवलंय.

शिकवणाऱ्यांचे प्रकार किती सांगू. एक भूलतज्ज्ञ होते, त्यांना तिसऱ्या खुर्चीत बसवतच नसे. शिकणारा अडला, की "उठ, मी दाखवतो" म्हणून त्याला उठवायचे आणि देवधरकाकांशी इतकं सुंदर बोलायचे, की वर्गाला टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. त्यांच्या वर्गातून कोणीही काहीही शिकून गेलं नाही. दुसऱ्या एका बाईंनी सगळ्यांकडून "हूं समजी शकूं छूं" हे वाक्य पाठ करून घेतलं. मी समजू शकतो. पंधरा दिवसांत सगळ्या रुग्णालयाला त्याची लागण झाली. ड्रेसिंग करणारा, एक्स-रे काढणारा, लिफ्टवाला, सगळे समजू शकत होते. अखेर एका पेशंटच्या बायकोनं माझ्या खोलीत येऊन कमरेवर हात ठेवून विचारलं, "बेन, हे सगळे काय समजतात ते एकदा मला पण समजवा." ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी बंद करून टाकलं. पण ते आलं होतं माझ्याच पुस्तकातून, हेही इथे कबूल केलं पाहिजे.

आमच्या गावचं खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बडोद्यात कोणालाही "केम छो?" विचारा, उत्तर येतं "मजामां", म्हणजे मजेत. माणूस मराठी असो, गुजराती असो, पाय प्लास्टरमध्ये असो, उत्तर तेच. हा इथला रिवाज आहे. कोणी खोटं बोलत नसतं. लगेच रडगाणं सुरू करणं बरं दिसत नाही, एवढंच. आणि आमचे डॉक्टरही इथलेच, चांगल्या घरचे, पेशंट आत आला की प्रेमानं "केम छो, काका?" म्हणायचे. काका म्हणायचे "मजामां". डॉक्टर कागदावर लिहायचे, तक्रार नाही. दोघंही सभ्यपणे वागले आणि दुखणं तसंच घरी गेलं. शेकडो वेळा मी हे पाहिलं. पुस्तकात यावर उपाय होता तो असा: उत्तरानंतर थोडा वेळ शांत राहावं, पेशंट आपणहून पुढचं बोलतो. उपाय अगदी खरा. पण शांत राहणं कोणालाच जमत नव्हतं. बाहेर रांग असते, आत डॉक्टरला ती शांतता चावते. एका श्वासात पुढचा प्रश्न यायचाच.

आता वासंती सिस्टरची गोष्ट.

वासंती मूळची जळगावकडची. नवरा रेल्वेत, म्हणून बडोद्याला आली आणि पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात वीस वर्षं टिकली. इंग्रजी जेमतेम. मराठीत गुजराती इतकी मिसळलेली, की माहेरचे लोक तिला हसत. पण तिच्या वॉर्डातला पेशंट माझ्या दारात कधी येत नसे. साहेब काय म्हणाले, हे त्याला माहीत असायचं. मी तिला शिकवणाऱ्यांच्या तुकडीत घेतलं. नर्सने नर्सला शिकवणं चालत होतं. वासंती मात्र डॉक्टरांनाही शिकवणार होती, आणि तिथे गाडी अडली.

मेडिसिनचे प्रमुख होते पारेखसाहेब. उत्तम डॉक्टर, हाताला यश, आवाज भारदस्त. आमचे वर्ग चालवायचे की नाही, कोणी घ्यायचे, हे त्यांच्या सहीवर होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बेन, ए बधुं बराबर," ते म्हणाले, "पण सिस्टर माझ्या रजिस्ट्रार डॉक्टरला शिकवणार? तो ऐकेल?"

"ऐकवण्याचंच शिक्षण दिलंय तिला, साहेब."

ते हसले. "मग असं करा. तिच्या शेवटच्या परीक्षेला शिकणाऱ्याच्या खुर्चीत मी बसतो. मला शिकवून दाखवू दे. जमलं तर सिस्टर लोक डॉक्टरांना शिकवतील. नाही जमलं, तर पुढे फक्त डॉक्टर शिकवतील. बरोबर?"

मी "बराबर" म्हणून बाहेर आले आणि मग हिशेब लक्षात आला. म्हणजे एकट्या वासंतीचा प्रश्न उरला नव्हता. तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्या सिस्टर लोकांचं दार तिच्या एका तासावर उघडणार किंवा बंद होणार होतं.

वासंतीला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, साहेबांना तर मी बीस वर्षं रिपोर्ट देते ने. आता साहेबांनी मला रिपोर्ट द्यायचा?"

सराव सुरू झाला आणि इथे माझी चूक झाली. वासंतीची स्वतःची एक पद्धत होती. शिकणाऱ्याला ती सांगायची, "पेशंट ‘मजामां’ बोलला ने, की अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवा. जप करतो तसा. एकेक पेर पुढे. पाच पेरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाय. हात टेबलाच्या खाली, पेशंटला दिसता कामा नये." मी ते पाहिलं आणि माझ्यातली पुस्तकवाली बाई जागी झाली. शांतता मनातून यायला हवी, बोटं मोजून कसली शांतता? तिच्या सरावाच्या कागदावर मी लाल पेनाने लिहिलं, "अशा युक्त्या नकोत. पुस्तकाप्रमाणे." खाली दोन रेघाही मारल्या. त्या दोन रेघा मला अजून दिसतात.

वासंतीनं ऐकलं. ती वादात पडणारी नव्हती. पुढचे सगळे सराव तिने पुस्तकाप्रमाणे केले, माझे शब्द, माझे हातवारे, माझा सूर, आणि दिवसेंदिवस ती अधिकाधिक वाईट शिकवू लागली. मला वाटलं, घाबरली असेल.

परीक्षेचा दिवस आला. वर्गात मागे डॉक्टर मंडळी, बाजूला सिस्टर लोक. पारेखसाहेब एप्रन घालून पहिल्या खुर्चीत बसले. समोर देवधरकाका. त्यांच्या मनात दडवायची गोष्ट अशी होती: गेल्या आठवड्यात दोनदा चक्कर आली, एकदा बाथरूममध्ये पडलोही, पण घरी सांगितलं तर मुलगा स्कूटर काढून घेईल.

"केम छो, काका?" साहेब म्हणाले.

"मजामां, साहेब."

"सरस. बीपीची गोळी चालू? साखर बघू... ठीक आहे. मीठ कमी. एक महिन्यानं या."

तीन मिनिटांत काम झालं. साहेब मागे टेकून बसले. त्यांचं काही चुकलंय असं त्यांना वाटण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या ओपीडीत रोज असंच होत असे आणि रोज सगळे ‘मजामां’ असत.

वासंतीनं पुस्तकातला पहिला प्रश्न टाकला. "साहेब, यात तुम्हाला तुमचं काय चांगलं वाटलं?"

"बधुं ज. सगळंच."

मागे हशा पिकला. वासंतीनं दुसरा प्रश्न विचारला, "आणि वेगळं काय करता आलं असतं?"

"काही नाही. पेशंट खूष आहे ने?"

काका गप्प बसले होते. ते सांगू शकत नव्हते, तसा नियमच होता. वासंतीला पुस्तकातला तिसरा प्रश्न आठवेना. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग तिने जे करायचं नसतं ते केलं. मान वळवून चौथ्या खुर्चीकडे, माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेत मदतीची याचना नव्हती. असती तर मी तशीच बसून राहिले असते. ती नजर विचारत होती, ‘मी माझ्या पद्धतीनं करू का?’ आणि माझ्या लक्षात आलं, की गेले कितीतरी दिवस या बाईच्या तोंडून मीच बोलत होते. घाबरली नव्हती ती. तिचं जे काही होतं ते मीच लाल पेनानं काढून घेतलं होतं. मला फार लाज वाटली. तोंड उघडायची तर बंदी होती. मी मांडीवरचा उजवा हात उताणा केला आणि अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला. मग वरच्या. मग त्याच्या वरच्या.

वासंतीनं ते पाहिलं. तिचे खांदे खाली आले, आणि ती तिच्या नेहमीच्या, वॉर्डातल्या आवाजात बोलली.

"साहेब, एक काम करू. फक्त पहिला प्रश्न परत. हात टेबलाखाली घ्या. काका ‘मजामां’ बोलले, की अंगठ्यानं पाच पेरं मोजायची. मोजून होईपर्यंत काकांकडे बघायचं आणि काही बोलायचं नाय. बस."

"एटलुं ज?" साहेबांना गंमत वाटली.

"एवढंच. पण पाच म्हणजे पाच."

साहेबांनी हात खाली घेतला. "केम छो, काका?"

"मजामां, साहेब."

शांतता. साहेबांचे ओठ दोनदा हलायला झाले आणि त्यांनी ते दाबून धरले. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. देवधरकाकांनी टेबलाची कड चाचपली. मला वाटतं चौथं पेर असावं.

"तसं बरंच आहे," काका म्हणाले. "जरा चक्कर येते कधीमधी."

साहेब पुढे सरकले. "कधीपासून?" आणि पुन्हा गप्प. यावेळी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. चक्कर, बाथरूम, स्कूटर, मुलगा. काका अभिनय करत होते की नाही, हे त्या क्षणी मलाही कळेना. संभाषण संपल्यावर वासंती काही बोलली नाही. तिने साहेबांना वेळ दिला. साहेबांनी समोरचा कागद उचलला. पहिल्या वेळी त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ‘तक्रार नाही’ असं लिहिलं होतं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी याला स्कूटरवर घरी पाठवला होता."

वासंती म्हणाली, "हो साहेब. आता नाही पाठवला ने."

मागे कोणी हसलं नाही. साहेबांनी एप्रनची बाही सारखी केली आणि म्हणाले, "फरीथी करीए. पहिल्यापासून." मेडिसिनच्या प्रमुखानं एका सिस्टरकडे स्वतःहून दुसरा सराव मागितला होता. तो झाल्यावर तिसराही मागितला. सिस्टर लोकांच्या रांगेत कोणीतरी पदरानं डोळे पुसले. मी बघायचं टाळलं, कारण माझेही भरले होते. जाताना साहेब माझ्या खुर्चीजवळ थांबले. "सोमवारपासून माझे सगळे रजिस्ट्रार सिस्टरकडे," म्हणाले आणि उभ्याउभ्याच सही करून गेले.

मी वासंतीला तिचा तो कागद मागितला आणि माझा लाल शेरा दोन्ही रेघांसकट खोडून खाली लिहिलं, ‘पुस्तकात घ्यावे.’ ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोटं हलवली ते नियमात बसतं?" मी म्हटलं, "तोंड उघडलं नाही ना मी." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की देवधरकाका हातातला चहा तसाच टाकून बघायला आले.

पुढे मी निवृत्त झाले. वासंतीही काही काळानं झाली. मध्ये पुष्कळ पाणी वाहून गेलं, रुग्णालयात नवी इमारत झाली, माझी खोलीही गेली.

यंदा उन्हाळ्यात मला जरा बरं वाटेनासं झालं. मुलाला सांगितलं नाही. रक्त तपासायचं निमित्त काढून एका सकाळी एकटीच त्या नव्या इमारतीत गेले. समोर एक तरुण डॉक्टर मुलगी, माझी ओळख असण्याचं काही कारण नाही.

"केम छो, मासी?"

"मजामां," मी म्हटलं. जन्मभर जे मोडायला शिकवलं, ते माझ्याच तोंडून सरळ बाहेर पडलं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. काही बोलेना. तिचा उजवा हात टेबलाखाली होता. माझं सगळं लक्ष त्या हाताकडे गेलं. मी मनाशी म्हटलं, बघू तरी, ही युक्ती मला माहीत आहे, मी नाही बधणार. एक. दोन. तीन. चौथ्याला मी म्हटलं, "जिना चढताना छातीत जड होतं. पंधरा दिवस झाले. घरी कोणाला ठाऊक नाही."

"आणखी काय होतं" वगैरे सगळं तिनं विचारलं, आणि दर प्रश्नामागे थांबली. त्याच दिवशी दाखल करून घेतलं. उशीर झाला असता तर अवघड होतं, असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ती राउंडला आली तेव्हा मी विचारलं, "ते पेरं मोजायचं कोणी शिकवलं तुला?"

ती लाजली. पेशंटला दिसता कामा नये, हा नियम मोडला होता ना. "आमच्या सरांनी. त्यांना म्हणे पूर्वी कोणी सिस्टर शिकवायच्या. नाव नाही माहीत."

घरी आल्यावर मी वासंतीला फोन लावला. सगळं सांगितलं. "माझं नाव तिला माहीत नाय, ते चांगलंच आहे, मॅडम," ती म्हणाली. "म्हणजे ते आता सगळ्यांचं झालं." आणि नंतर अगदी वॉर्डातल्या आवाजात विचारलं, "केम छो, मॅडम?"

"मजामां," मी म्हटलं.

पलीकडे शांतता. बाई पेरं मोजत होती. मीही मोजली, करंगळीच्या खालच्या पेरापासून. पाचही पेरं होऊन गेली तरी मला पुढे काही सांगायचं नव्हतं. या वेळी ते खरं होतं.